रंधा म्हणजे रांदा, पटाशी म्हणजे पटासी

टांझानियाला जाण्यासाठी जे कागद जमवावे लागले, त्यांतला एक मला अजून आठवतो. परदेशी माणसाला तिथे नोकरीवर ठेवायचं तर २०१५च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे मालकाला लिहून द्यावं लागतं, की या माणसाच्या हाताखाली कोणता स्थानिक माणूस तयार होणार आणि हा परत गेल्यावर काम पुढे कोण नेणार. वर्क परमिट दोन वर्षांचं मिळतं. पुढे वाढवूनही घेता येतं. मला पाठवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या मुलाने तो रकाना एका ओळीत भरला होता. ‘स्थानिक शिक्षकास प्रशिक्षण दिले जाईल.’ मी खाली सही केली. त्या एका ओळीचं काम पुढे दीड वर्ष पुरलं.

मी सुतारकामाचा शिल्पनिदेशक. सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये एकोणीस वर्षं कारपेंटर ट्रेड शिकवला. घरात वडील, चुलते सगळे सुतार, त्यामुळे लाकूड तासायचा रंधा हातात आधी आला आणि पाठ्यपुस्तक नंतर. आमच्या ट्रेडची मुलं वर्षागणिक कमी होत गेली. इलेक्ट्रिशियनला रांग, फिटरला रांग आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सात-आठ मुलं. २०२२मध्ये तुकडी बंद झाली. त्याच सुमारास एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पुण्याची एक कंपनी पूर्व आफ्रिकेत कौशल्य प्रशिक्षणाची कामं घेते, त्यांना सुतारकाम शिकवणारा माणूस हवाय, जाणार का? बायको म्हणाली, “तुमचे हात रिकामे बसलेले मला बघवत नाहीत. जा.”

भारत परदेशी माणसांना शिकवतो ही गोष्ट नवी नाही. १९६४पासून सरकारच्या आयटेक कार्यक्रमात आफ्रिका-आशियातले लोक आपल्याकडे येऊन शिकून जातात. २०१६मध्ये पंतप्रधानांच्या टांझानिया दौऱ्यात झांझिबारला व्यवसाय प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा करारही झाला होता. पण हे सरकारी झालं. आमचं काम व्यापारी होतं. तिथल्या एका धर्मादाय संस्थेने आपल्या केंद्रासाठी सुतारकामाचा अभ्यासक्रम, हत्यारं आणि शिक्षक असं सगळं एकत्र विकत घेतलं होतं. कंपनीच्या भाषेत ‘पॅकेज’. चोवीस मुलं, सहा महिने, हत्यारांचे संच, संगणकावरच्या साडेतीनशे स्लाइड्स आणि शेवटी कंपनीचं सर्टिफिकेट. पैसे किती मुलं भरती झाली त्यावर मिळणार होते. किती मुलं शिकून कामाला लागली याचा करारात उल्लेख नव्हता. हे मला बरंच उशिरा कळलं आणि कळल्यावर फार लागलं.

निघण्याआधी यलो फीव्हरची लस घेतली. टोचल्यानंतर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात आणि त्याचं पिवळं कार्ड नसेल, तर यलो फीव्हरच्या भागातून परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. हत्यारांचं सामान न्हावाशेव्याहून बोटीने गेलं आणि तिथे पहिली चूक झाली. पेट्या आम्ही मिरजेच्या एका कारखान्यात साध्या लाकडाच्या बनवून घेतल्या होत्या. एजंट म्हणाला, यावर शिक्का कुठाय? परदेशी जाणाऱ्या लाकडी पेट्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते, आणि तसा गव्हाचं कणीस काढलेला शिक्का प्रत्येक पेटीवर लागतो. एकोणीस वर्षं लाकूड शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं. पेट्या बदलल्या. मग टांझानियाच्या मानक संस्थेचं तपासणीचं प्रमाणपत्र मागे राहिलं आणि कंटेनर दार-ए-सलामच्या बंदरात अडकला. मी पोचलो तेव्हा माझी हत्यारं माझ्यापासून पाचशेहून जास्त किलोमीटरवर होती.

केंद्र इरिंगा शहराच्या पुढे, माफिंगा गावाच्या बाजूला. दार-ए-सलामहून बसने दिवस जातो. रस्ता मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो, खिडकीतून जिराफ दिसतात. त्यापुढे एक खोरं लागतं, मैलोन् मैल नुसती गोरखचिंच. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यात किंवा दर्ग्यापाशी एखादं जुनं झाड असतं आणि लोक त्याला नवस बोलतात, ते हे झाड. इथे त्याचं रान होतं. नंतर कितोंगाचा घाट आणि वर गेलं की थंडी. जून-जुलैत तिथे स्वेटरशिवाय वर्कशॉपमध्ये उभं राहवत नाही. माफिंगाच्या आसपास साओ हिल नावाचं टांझानियाचं सगळ्यात मोठं सरकारी लागवडीचं जंगल आहे. पाईन आणि निलगिरी. म्हणजे संस्थेने जागा अगदी अचूक निवडली होती. सुतारकाम शिकवायचं तर लाकूड दारात.

आणि माझ्या अभ्यासक्रमात पाईन नव्हतं. होता साग, शिसव, साल, देवदार. कंपनीने आपल्याकडच्या एका वर्षाच्या ट्रेडचा अभ्यासक्रम घेतला होता, त्यातलं अर्धं काढून सहा महिन्यांत बसवलं होतं आणि मुखपृष्ठावर टांझानियाचा झेंडा छापला होता.

पहिल्या तासाला मी स्लाइड्स लावल्या. समोर चोवीस मुलं. एकवीस मुलगे, तीन मुली. वयं सतरा ते पंचवीस. मी इंग्रजीत बोलत होतो, माझं इंग्रजी वर्कशॉपचं, पण चालतं. मुलं माना डोलवत होती. “समजलं का?” विचारलं की सगळे एका आवाजात “न्दियो, म्वालिमू.” हो, गुरुजी. चाळीस मिनिटांनी मी एकाला उठवून विचारलं, लाकडाच्या रेषेच्या उलट्या दिशेने रंधा मारला तर काय होतं? तो उभा राहिला, हसला आणि जमिनीकडे बघत राहिला. दुसऱ्याला विचारलं. तसंच.

माझे तिथले जोडीदार शिक्षक मागच्या बाकावर बसले होते. तिशीतला माणूस, मोरोगोरोच्या सरकारी कॉलेजातून व्यवसाय शिक्षकाचा कोर्स केलेला. कागदावर माझी जागा घेणारे ते हेच. तास संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, “यांतली बरीचशी सातवीपर्यंतच शिकलीत. इथे प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. इंग्रजी माध्यम सुरू होतं माध्यमिकला. तुम्ही आज जे बोललात, त्यातलं यांना ‘वूड’ समजलं.”

मला लाज वाटली, कारण हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्या आयटीआयत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर अशीच बसायची आणि मी त्यांना मराठीत सांगायचो, तेव्हा त्यांचे चेहरे उघडायचे. तेच मी समुद्रापलीकडे जाऊन विसरलो होतो. अभ्यासक्रम ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून विकला होता, म्हणून इंग्रजीत शिकवायचं, एवढाच विचार कंपनीने केला होता आणि मीही.

दुसऱ्या दिवशी संगणक बंद ठेवला. कंटेनर आला नव्हता, पण केंद्रात जुनी, गंजलेली थोडी हत्यारं होती. ती मी टेबलावर मांडली. एकेक उचलायची, हातवाऱ्याने विचारायचं याला काय म्हणता, आणि मी वहीत लिहून घ्यायचं. हातोडा म्हणजे न्युंदो. करवत म्हणजे म्सुमेनो. कानस म्हणजे टूपा. स्क्रू-ड्रायव्हरला बिसिबिसी. मग मी रंधा उचलला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “रांदा.”

मला वाटलं माझ्या तोंडून ऐकून म्हणतेय. मी पुन्हा विचारलं. “रांदा, म्वालिमू.” मी लाकूड कोरायची पटाशी उचलली. “पटासी.”

मी खुर्चीत बसलो. फळ्यावर देवनागरीत रंधा आणि पटाशी लिहिलं, शेजारी त्यांचे शब्द रोमन लिपीत लिहिले आणि सांगितलं, माझे वडीलही हेच म्हणायचे. वर्गात असा काही गलका झाला! शेकडो वर्षं आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गलबतं जायची. त्यांतून कापड गेलं, मसाले गेले, माणसं गेली आणि सुताराच्या पेटीतले शब्दही गेले. पुढचा अख्खा तास आम्ही हेच केलं. हिशेबाला हेसाबू. साबणाला साबुनी (हे दोन स्वाहिलीत अरबीतून आलेले). गाडीला गारी. पैशाला पेसा. आणि पाणसळीला, म्हणजे पातळी बघायच्या हत्याराला, पिमा माजी. हा शब्द आपल्याकडून गेलेला नाही, पण त्याचा शब्दशः अर्थ ‘पाणी मापणे’. पाणसळीतही पाणीच आहे. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकच गोष्ट बघून नाव ठेवलं.

त्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं असं मी धरतो. करारात ती तारीख दहा दिवस आधीची आहे.

यापुढचे दोन महिने मी आणि जोडीदार रात्री बसून अभ्यासक्रम फोडत होतो. मी इंग्रजीत सांगायचं, त्यांनी स्वाहिलीत लिहायचं, सकाळी मुलांपुढे वाचायचं, मुलं अडली की शब्द बदलायचा. ‘मॉइश्चर कंटेंट’ला पुस्तकी शब्द होता, पण मुलांना तो जड गेला, म्हणून ‘लाकडातलं पाणी’ असं साधं केलं. साडेतीनशे स्लाइड्समधल्या चाळीसेक उरल्या. मापांचंही तसंच झालं. अभ्यासक्रम मिलिमीटरमध्ये, बाजार इंचांत. लाकडाच्या वखारीत कोणी ५० बाय १०० मागत नाही, ‘दोन बाय चार’ मागतात, अगदी आपल्यासारखं. मी मुलांना सूत शिकवलं. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. मिलिमीटर परीक्षेसाठी, इंच वखारीसाठी, दोन्ही यायला हवं.

वेळेचा एक घोळ झाला तो सांगतो, कारण तो पुढे जाणाऱ्या कोणालाही होईल. मी फळ्यावर लिहिलं, उद्या प्रात्यक्षिक ‘साआ तिसा’, म्हणजे नऊ वाजता. दुसऱ्या दिवशी नऊला वर्कशॉपमध्ये मी एकटा. मुलं आली दुपारी तीनला, वेळेवर, स्वच्छ कपड्यांत. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन आणि त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. आपल्याकडे घटका मोजायचे त्याही सूर्योदयापासूनच. एकदा हे डोक्यात बसल्यावर मला त्यात वावगं काही वाटेना.

आता लाकडाबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या कामात मी जे काही शिकलो ते लाकडाने शिकवलं.

तिसऱ्या महिन्यात मुलांनी टेबलं केली. चार पाय, मॉर्टिस-टेननचे (एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ बसवायचे) सांधे, वर फळ्या जोडून केलेला पृष्ठभाग. सांधे इतके घट्ट बसले होते, की मी जोडीदारांना म्हणालो, या मुलांचे हात चांगले आहेत. टेबलं ऑफिसात आणि जेवणघरात ठेवली. पावसाळा संपून कोरडी हवा सुरू झाली होती. पाच आठवड्यांत पृष्ठभागाच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, दोन टेबलांचे पाय हलायला लागले, एक फळी मधोमध फाटली. ज्या मुलीने ‘रांदा’ सांगितलं होतं, तिचंच ते टेबल. ती माझ्याकडे आली आणि विचारलं, “म्वालिमू, माझी चूक कुठे झाली?”

चूक तिची नव्हती. वखारीत मिळणारं पाईन बहुतेक ओलंच असतं. झाड कापलं, चिरलं, ट्रकमध्ये भरलं, विकलं. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, तेही सगळीकडून सारखं नाही. वाढीच्या वलयांना धरून जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आक्रसतं, म्हणून फळी वाकते आणि फाटते. मला हे माहीत होतं. पण मी सांगलीला सागावर काम केलेला माणूस. साग स्वभावाने स्थिर, कमी आक्रसणारा, शिवाय आमच्याकडे यायचा तो वखारीत वर्षभर पडलेला. सीझनिंगचा, म्हणजे लाकूड वाळवण्याचा, धडा मी दरवर्षी एका तासात उरकायचो, कारण आमचं लाकूड तो धडा आधीच पुरा करून आलेलं असायचं. इथे तो धडा पहिला हवा होता आणि मी तो पाचव्या महिन्यासाठी ठेवला होता.

लाकडातलं पाणी मोजायचा मीटर नव्हता. कंटेनरमध्ये होता, कंटेनर अजून बंदरात. मग आम्ही तो प्रयोग केला, जो मी स्वतः शिकत असताना एकदाच केला होता. फळीच्या टोकापासून हातभर सोडून मधला छोटा तुकडा कापायचा. जेवणघरातल्या वजनकाट्यावर तोलायचा. मग भट्टीत सुमारे १०३ अंशांवर ठेवायचा, काही तासांनी पुन्हा तोलायचा, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. केंद्राच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची विजेची भट्टी होती. स्वयंपाकाच्या मामांनी (तिथे मोठ्या बाईला ‘मामा’ म्हणतात, म्हणजे आई) रात्री पाव झाल्यावर ती आम्हाला दिली. पहिला तुकडा ओला होता तेव्हा २८६ ग्रॅम भरला, वाळल्यावर २२०. फरक ६६. ६६ला २२०ने भागा, शंभरने गुणा. तीस टक्के. घरातल्या फर्निचरला दहा-बारा टक्के हवं. मुलांनी हा ‘हेसाबू’ भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवला. तो अजून तिथे आहे, मला फोटो आलाय.

भट्टीच्या तासानंतर मुलं लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. वखारीत गेली की फळी उचलून वजन बघायची, टोकावर गाल टेकवून गारवा बघायची.

याच दिवसांत म्झे आमच्याकडे यायला लागले. ‘म्झे’ म्हणजे वडीलधारा माणूस, नाव न घेता मानाने असंच म्हणतात. महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली पलंग आणि दरवाजे करणारे साठीचे सुतार. मुलं त्यांना वाकून “शिकामो” म्हणायची, ते “मराहाबा” म्हणून नमस्कार स्वीकारायचे. मी त्यांच्या दुकानावरून जाता-येता थांबायचो. त्यांचे दरवाजे फाटत नव्हते. कारण विचारलं, तर ते मला दुकानाच्या मागे घेऊन गेले. तिथे फळ्यांची थप्पी होती. प्रत्येक दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या, वर गवताचं छप्पर, टोकांना जुना रंग फासलेला. टोकांतून पाणी लवकर जातं आणि टोकं फाटतात, म्हणून रंग. पुस्तकात जे आहे ते सगळं. ते म्हणाले, “या थप्पीला माझ्या नातवाचं वय आहे.” नातू सात महिन्यांचा होता.

मी केंद्राच्या संचालकांकडे गेलो आणि म्हणालो, आठवड्यातले दोन दिवस म्झेंना शिकवायला बोलवा, मानधन द्या. कंपनीने ईमेलवर नकार कळवला. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, गुणवत्तेचं काय? मी लिहिलं, गुणवत्ता त्यांच्या दुकानामागे रचून ठेवलीय, बघायला या. शेवटी संचालकांनी संस्थेच्या पैशातून त्यांना बोलावलं. टांझानियाच्या व्यवसाय प्रशिक्षण प्राधिकरणाकडे, ज्याला सगळे ‘वेटा’ म्हणतात, एक चांगली सोय आहे. कामावर शिकलेल्या कारागिराची प्रत्यक्ष काम बघून परीक्षा घेतात आणि त्याला प्रमाणपत्र देतात. जोडीदारांनी म्झेंचा अर्ज भरला. परीक्षेला जाताना त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता.

सर्टिफिकेटचा विषय निघालाय तर तेही सांगतो. चौथ्या महिन्यात एका मुलाने उभं राहून विचारलं, “आम्हाला जो कागद मिळणार, तो वेटाचा आहे का?” मी कंपनीला विचारलं. नव्हता. कंपनीचा होता, सोनेरी कडा असलेला, पुण्याच्या पत्त्याचा. तिथे व्यवसाय शिक्षणाला राष्ट्रीय स्तर आहेत, एक, दोन, तीन. शाळांच्या बाकांच्या कंत्राटासाठी, सरकारी कामासाठी, मोठ्या कारखान्यासाठी तोच कागद विचारतात. आमच्या सोनेरी कागदाला माफिंगाच्या बाजारात कोणी विचारलं नसतं. त्या मुलांच्या आईबापांनी मका विकून फी भरली होती. मी त्या रात्री झोपलो नाही.

मी कंपनीला स्पष्ट लिहिलं, की मुलं राष्ट्रीय परीक्षेला बसेपर्यंत मी कोणत्याही सर्टिफिकेटवर सही करणार नाही. त्यावरून बरंच झालं, ते इथे लिहीत नाही. संचालक माझ्या बाजूने उभे राहिले, ही त्यांची मोठी गोष्ट. आमचा अभ्यासक्रम राष्ट्रीय पहिल्या स्तराशी एकेक मुद्दा जुळवून पाहिला. आमच्यात फ्रेंच पॉलिश होतं, त्यांना ते नको होतं. त्यांना छपराची कैची, म्हणजे छप्पर तोलणारा लाकडी सांगाडा, हवी होती, आमच्यात नव्हती. तिथे घराला पत्रा आणि पत्र्याखाली पाईनची कैची, सुताराची निम्मी कमाई त्यातून. आम्ही ती घातली. शाळेचा बाक घातला. २०१६मध्ये शाळांची फी माफ झाल्यावर वर्ग इतके भरले, की सरकारने देशभर बाकांची मोहीम काढली होती. तेव्हापासून बाक हा तिथल्या प्रत्येक सुताराला यायलाच हवा असा माल आहे. पलंग घातला. दाराची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवणं घातलं. आणि हिशेब घातला. लाकूड किती, खिळे किती, सरस किती, किती दिवस लागले आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं. म्झेंनी हा तास घेतला. ते म्हणाले, “उधारी लिहून ठेवा. तोंडी उधारी म्हणजे भेट.”

सहा महिन्यांचं काम असं लांबत गेलं. माझं परमिट होतं, म्हणून मी राहू शकलो. पगार दोन वेळा उशिरा झाला.

कंटेनर सुटला तेव्हा त्यात रंध्याचं मशीन आणि गोल करवत होती. त्यांना आपल्याकडच्या जाड गोल पिनांचे प्लग, तिथे भिंतीत चौकोनी पिनांची तेरा अँपिअरची सॉकेटं. ते एका दिवसात सुटलं. पण त्या काळात टांझानियात दुष्काळामुळे धरणांत पाणी कमी होतं आणि वीज कापली जायची. मशीन झाकून ठेवलेलं आणि मुलं हाताच्या रंध्याने काम करतायत, असे कितीतरी दिवस गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाहेर पडून ही मुलं जिथे काम करणार होती, तिथे मशीन नव्हतंच.

लाकूड वाळवायला सात महिने थांबणं केंद्राला परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही सूर्याची भट्टी केली. उतारावर उत्तरेकडे तोंड करून (विषुववृत्ताच्या दक्षिणेला सूर्य बराच काळ उत्तरेला असतो, हेही मला आधी उलटं वाटलं होतं) लाकडी सांगाडा, वर जाड पारदर्शक प्लास्टिक, आत काळा रंगवलेला पत्रा, मागच्या भिंतीला खालीवर झरोके. पंखा जोडीदारांनी एका जुन्या गाडीच्या रेडिएटरचा काढून सौर पॅनेलवर बसवला. पहिल्या खेपेला आम्ही झरोके जास्त उघडे ठेवले आणि वरच्या फळ्या चिरल्या. दुसऱ्या खेपेला पहिला आठवडा झरोके जवळजवळ बंद ठेवले, आत दमट राहू दिलं, मग हळूहळू उघडले. इंचभर जाडीचं पाईन पाचव्या आठवड्यात बारा टक्क्यांवर आलं. तोपर्यंत मीटर हातात होता, तरी मुलांनी पावाच्या भट्टीत तुकडा घालून पडताळा घेतला. मीटरपेक्षा त्यांचा त्या भट्टीवर जास्त विश्वास होता.

त्या लाकडाची टेबलं वर्ष झालं तरी जशीच्या तशी आहेत.

चोवीसपैकी एकोणीस मुलं राष्ट्रीय परीक्षेला बसली. तिघांनी मध्येच सोडलं होतं, एकाला घरच्या शेतीवर परतावं लागलं, एका मुलीचं लग्न झालं. एकोणीसमधली सतरा पास झाली. ही संख्या मी कंपनीला कळवली, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, की पुढच्या तुकडीची भरती किती होईल ते कळवा.

मी हे लिहितोय ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. आता महाराष्ट्रातून बरेच जण आखातात, आफ्रिकेत शिकवायला जातायत, विचारणा होतेय. तर निघण्याआधी करार स्वतः वाचा. पैसे कशावर मिळणार ते बघा, भरतीवर की पास होण्यावर. मुलांना मिळणारा कागद त्या देशात चालतो का, हे विमानात बसण्याआधी विचारा. तिथलं लाकूड, तिथला लोखंडी पाइप, तिथली वायर, जे तुमच्या ट्रेडचं असेल ते, पहिल्या आठवड्यात बाजारात जाऊन हातात घ्या. आणि तिथल्या रस्त्याकडेच्या कारागिराला शोधा.

माझ्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. जोडीदार नव्या तुकडीला शिकवत होते. पहिला धडा लाकडातलं पाणी. भट्टी, काटा, भागाकार. मग त्यांनी हत्यारं मांडली आणि रंधा उचलून मुलांना सांगितलं, की या शब्दाचा एक भाऊ भारतात राहतो. मुलं हसली. मी वर्कशॉपमधून बाहेर पडताना करवतीवर काम करणाऱ्या मुलाने मान वर करून “पोले ना काझी, म्वालिमू” म्हटलं. काम करणाऱ्या माणसाला तिथे असं म्हणतात, म्हणजे तुमच्या कष्टांबद्दल सहानुभूती. खरं तर काम तो करत होता. मी “असांते” म्हणालो आणि मग त्यालाच “पोले ना काझी” म्हणालो.

मी परत आलो त्याला आता काही महिने झाले. जोडीदारांचे निरोप येतात, अर्धे स्वाहिलीत, अर्धे इंग्रजीत. मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, पावसाळ्यात भट्टीत आतल्या बाजूला पाणी साठतंय, झरोके रात्री बंद ठेवू का? मी लिहिलं, रात्री बंद, सकाळी ऊन आल्यावर अर्धे उघडा, तळाला विटांचा थर टाका. म्झेंना विचारलंत का? त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. म्झे आधीच विटा घेऊन आलेत.